घशात अडलेला श्वास

कापसाची पहिली वेचणी संपून बाजार समितीच्या आवारात गाड्यांची रांग लागू लागली, की आदिलाबाद जिल्ह्यात आणखी एका गोष्टीचा हंगाम सुरू होतो. तो दम्याचा. जिनिंगच्या कारखान्यांतून उडणारी कापसाची बारीक तुसे, चुलीत पेटविलेल्या पऱ्हाट्यांचा धूर, आणि पहाटेची बोचरी थंडी (तेलंगणातील सर्वांत थंड गावांच्या यादीत आमच्या जिल्ह्याची गावे हमखास असतात), ही तिन्ही एकदम येतात. मग दवाखान्यांतील बाकडी भरून जातात. मराठी बोलणारे म्हणतात, 'दमा उसळला'. तेलुगू बोलणारे म्हणतात, 'उब्बसम'. आमच्या धर्मग्रामात दोन्ही भाषा एकाच बाकावर बसतात, आणि या एका बाबतीत त्यांचे एकमत असते: ज्याला धाप लागते, तो दमेकरी.

परंतु ज्याचा श्वास अडतो तो प्रत्येक मनुष्य दमेकरी असतोच असे नाही. ही गोष्ट आम्हांस धर्मग्रामातील एका मुलीमुळे कळली. आणि कळण्यापूर्वी आमच्या हातून एक चूक घडली. मुलीची व तिच्या आईवडिलांची परवानगी घेऊन, नाव न सांगता, ती हकिकत येथे देत आहोत.

आम्ही २०१९ साली या धर्मग्रामात आलो, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. वडील कोरडवाहू कपाशी करणारे, आई हंगामात जिनिंगमध्ये मजुरीला जाणारी. गायकवृंदात या मुलीचा आवाज सर्वांत वर लागे. आदल्या वर्षी आईचा डबा घेऊन ती कारखान्यात गेली असता तिला पहिला झटका आला, आणि त्या दिवसापासून ती 'दम्याची पोरगी' झाली. तोंडात ओढावयाचा पंप आला, गोळ्या आल्या. झटका आला की रिक्षातून दवाखाना, वाफ, इंजेक्शन. गोळ्यांत स्टेरॉइड होते. वर्षभरात तिचा चेहरा सुजल्यासारखा गोल झाला, आणि शाळेतील मुलींनी त्यावरून तिला एक नाव ठेवले, ते आम्ही येथे लिहीत नाही.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये घरच्यांनी तिला हैदराबादेस नेले. मृग लागला की नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर बथिनी कुटुंबीय दमेकऱ्यांना माशाचे औषध देतात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. आपल्यापैकी कित्येक जण त्या रांगेत उभे राहिले असतील. बोटाएवढ्या जिवंत मरळ माशाच्या तोंडात पिवळे औषध भरून तो मासा रोग्याच्या घशात सोडतात. एका साधूने १८४५ साली ही विद्या आपल्या पूर्वजास दिली, असे ते कुटुंब सांगते. पैसा घेत नाहीत, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. परंतु या औषधाने दमा बरा होतो असे शास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झालेले नाही, हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे. औषध तीन वर्षे लागोपाठ घ्यावे असा प्रघात आहे. या मुलीचे एक वर्ष झाले आणि कोरोना आला. २०२० ते २०२२ पर्यंत ते वाटप बंद राहिले. साहजिकच घरात बोलले जाऊ लागले, "तीन वर्षं पुरी नाही झाली, म्हणून जात नाही."

कोरोनाने मात्र एक वस्तू घरोघरी आणली: बोटास लावून रक्तातील ऑक्सिजन मोजणारे चिमटीएवढे यंत्र. एके रात्री तिला मोठा झटका आला. गळा हातांनी धरून ती उठून बसली. श्वास आत ओढताना असा चिरका आवाज येई की शेजारचे जागे झाले. सर्वांस वाटले, झाले, कोरोनाच. कोणी तरी यंत्र आणून तिच्या बोटास लावले. आकडा आला ९८. यंत्र बिघडले असेल म्हणून ते तिच्या वडिलांच्या बोटास लावले, तेथेही ९८. वीस मिनिटांनी झटका जसा आला तसाच, एकाएकी, निघून गेला, आणि ती थकून झोपली.

यंत्र खोटे बोलत नव्हते. खोटी पोरगी बोलते, असा अर्थ गावाने काढला. पुढे एका डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे व रक्त तपासून सांगितले की फुप्फुसे निर्मळ आहेत, आजार मनाचा आहे. त्यांच्या सांगण्यात कदाचित सहानुभूतीही असेल. परंतु घरी पोहोचेपर्यंत त्या वाक्याचे 'नाटक करते' असे भाषांतर झाले. एक मावशी तिला भगताकडे घेऊन गेली. एका ठिकाणी सोयरिकीचे बोलणे चालले होते, ते थांबले.

आणि आम्ही काय केले? आम्ही तिला कार्यालयात समोर बसविले. आम्हीही पाहिले होते, की झटका पुष्कळदा रविवारीच येतो, गाणे सुरू व्हावयाच्या सुमारास येतो, घरी भांडण झाले की येतो; ओठ निळे पडत नाहीत, आणि लोक पांगले की थोड्या वेळाने थांबतो. या साऱ्यावरून आम्ही मनाशी निकाल देऊन टाकला होता. आम्ही तिला म्हणालो, "बाळ, मन घट्ट कर. प्रार्थना कर. आईबापांना किती त्रास होतो ते पाहा." ती काही बोलली नाही. खाली पाहत राहिली, आणि जाताना एवढेच म्हणाली, "फादर, मी मुद्दाम नाही करत."

वाचकहो, तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांच्या अभ्यासात आम्ही बरीच वर्षे घालविली. परंतु या चार शब्दांस उत्तर आम्हांजवळ नव्हते.

उत्तर मिळाले ते २०२२ च्या नाताळच्या रात्री. कडाक्याची थंडी, देवळात गर्दी, धुपाटण्याचा धूर गायकवृंदाच्या अंगावर येत होता. पहिल्याच गीतात तिचा आवाज घोगरा झाला, मग बंद पडला, आणि तो ओळखीचा चिरका आवाज सुरू झाला. तिची आई ओरडली, "फादर, लेकरू मरून राह्यलं!" आमच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून काम पाहणाऱ्या धर्मभगिनी पाठीमागेच होत्या. त्यांनी मुलीस ओसरीवर नेऊन छातीला नळी लावली, पाठीला लावली, आणि मग, जे इतक्या वर्षांत कोणी केले नव्हते ते केले: ती नळी गळ्यावर ठेवली. क्षणभर ऐकून त्या म्हणाल्या, "छाती मोकळी आहे. आवाज इथून येतोय. आणि श्वास आत घेतानाच येतोय."

मग त्यांनी मुलीला सांगितले, "माझ्याकडे बघ. कुत्रं उन्हात धापतं ना, तसं कर. जीभ सैल सोड. हलके, भराभर." तिने तसे केले. पाच मिनिटांत श्वास मोकळा झाला.

या आजारास इंग्रजीत 'व्होकल कॉर्ड डिसफंक्शन' म्हणतात. मराठीत आपण त्यास स्वरतंतूंचा विपरीत व्यापार म्हणू या. आपल्या गळ्यात, ज्याला आपण कंठमणी म्हणतो त्याच्या मागे, स्वरयंत्र असते. त्यात दोन पांढऱ्या पट्ट्या असतात. पुढच्या बाजूस जोडलेल्या, मागच्या बाजूस मोकळ्या. दाराची दोन कवाडेच म्हणा. बोलताना ती जवळ येऊन थरथरतात व स्वर उमटतो. घास गिळताना ती घट्ट मिटतात, म्हणून अन्न श्वासनलिकेत जात नाही. श्वास आत घेताना ती उघडलीच पाहिजेत. या आजारात नेमके तेथेच उलटे होते: श्वास आत घ्यावयास जावे आणि कवाडे मिटावीत. पट्ट्यांचा पुढचा दोन तृतीयांश भाग एकमेकांस चिकटतो आणि मागे शंकरपाळ्याच्या आकाराची एक फट तेवढी उरते. त्या फटीतून हवा ओढावी लागते, म्हणून तो चिरका आवाज. फुप्फुसे मात्र निरोगी असतात आणि फटीतून जाणारी हवा सामान्यतः पुरते. म्हणून यंत्रावर ९८.

दम्यात अडथळा याहून पुष्कळ खाली, फुप्फुसातील बारीक नळ्यांत असतो. त्या आवळतात, आतून सुजतात, आणि हवा बाहेर टाकणे कठीण होते. शिट्टीसारखी सूं सूं मुख्यतः श्वास सोडताना, छातीत ऐकू येते. दमेकरी मध्यरात्री किंवा पहाटे उठून बसतो, पंप ओढला की काही मिनिटांत त्यास उतार पडतो, आणि विचारले तर तो हात छातीवर ठेवतो. स्वरतंतूंच्या आजारातील मनुष्य हात गळ्यावर ठेवतो. 'कोणी गळा दाबतंय' असेच तो बहुधा सांगतो. त्याचा आवाज बसतो, पंपाने काही होत नाही, झटका क्षणात येतो आणि क्षणात जातो, आणि गाढ झोपेतून तो क्वचितच उठवितो. (आमच्या मुलीस त्या रात्री झटका आला तेव्हा ती झोपलेली नव्हती, शेजारच्या घरातील मृत्यूची बातमी ऐकून जागी पडून होती. हे आम्ही नंतर विचारले. आधी कोणी विचारलेच नव्हते.)

आता वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एकाएकी येणे, एकाएकी जाणे, ओठ निळे न पडणे, छाती निर्मळ असणे, यंत्राचा आकडा चांगला असणे: ज्या खुणांवरून आम्ही तिला नाटकी ठरविले, त्याच या आजाराच्या खुणा आहेत. पुरावा आमच्या डोळ्यांसमोर होता. आम्ही तो उलटा वाचला.

आणि असा उलटा वाचणारे आम्हीच पहिले नव्हतो. अमेरिकेतील डॉक्टर रॉब्ली डंग्लिसन यांनी १८४२ मध्ये अशा रोग्यांचे वर्णन केले आणि त्यास उन्मादाचा, म्हणजे हिस्टेरियाचा, घसा म्हटले. पुढे १८५४ मध्ये मानुएल गार्सिया नावाच्या गायनशिक्षकाने एक लहानसा आरसा घशाशी धरून, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडून, स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. (वैद्यांना घशाचे दार दाखविणारा मनुष्य वैद्य नव्हता, गाणे शिकविणारा होता, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.) त्या आरशाच्या साह्याने लंडनचे मोरेल मॅकेन्झी यांनी १८६९ मध्ये श्वास आत घेताना मिटणारे स्वरतंतू प्रत्यक्ष पाहिले, पण त्यांनीही त्यास उन्मादच म्हटले. शंभर वर्षांनंतर, १९७४ मध्ये, काही डॉक्टरांनी या आवाजास मुंचहाउसेनचे नाव दिले. मुंचहाउसेन हा थापा मारण्याबद्दल प्रसिद्ध असलेला एक जर्मन सरदार. म्हणजे इतक्या विद्वानांनीही आमच्या गावाचीच री ओढली: पोरगी खोटी बोलते.

निकाल फिरला तो १९८३ मध्ये. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात नॅशनल ज्युइश हे श्वसनरोगांचे नामांकित रुग्णालय आहे. तेथे क्रिस्टोफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, कोणत्याही औषधाने न हटणारा दमा म्हणून आलेल्या पाच रोग्यांच्या घशात झटक्याच्या वेळी दुर्बीण घालून पाहिले. दमा नव्हताच, कवाडे मिटत होती. वाणीचे व्यायाम आणि मनास आधार एवढ्या उपायांनी त्यांना उतार पडला. १९९५ मध्ये त्याच रुग्णालयातून न्यूमन व सहकाऱ्यांनी ९५ रोग्यांचा अहवाल दिला. त्यांपैकी ५३ जणांस हा आजार आणि दमा असे दोन्ही होते. उरलेल्या ४२ जणांस दमा नसताना सरासरी ४.८ वर्षे दमेकरी समजून औषधे दिली गेली होती. हे अमेरिकेत. आमच्या मुलीची चार वर्षे गेली, ती आदिलाबादेत.

मग यात मनाचा काही भाग नाही काय? आहे, पण आपण समजतो तसा नाही. घसा हा फुप्फुसांचा पहारेकरी आहे. धूर, धूळ, पाणी आत जाऊ नये म्हणून दार लावणे हे त्याचे कामच. काही जणांचा हा पहारेकरी अतिदक्ष होतो; चोर नसतानाही दार लावतो. त्यास चिथावणारी कारणे अनेक: कापसाची तुसे, मिरचीच्या फोडणीचा ठसका, फिनाइल, अत्तर, उदबत्ती, धूप, थंड वारा, धावणे, मोठ्याने गाणे, रात्री पोटातील आम्ल वर घशापर्यंत येणे, नाकातून घशात उतरणारा कफ, आणि होय, मनावरचा ताणही. स्त्रियांत व तरुण मुलामुलींत, विशेषतः खेळाडूंत, हा आजार अधिक आढळतो. श्वास अडला की मनुष्य घाबरतो, घाबरला की घसा अधिक आवळतो, हे चक्र खरे आहे. पण गळा कोणी धरला तर कोण घाबरणार नाही? हल्ली तज्ज्ञांनी 'इन्ड्युसिबल लॅरिंजियल ऑब्स्ट्रक्शन', म्हणजे चिथावणीने होणारा स्वरयंत्राचा अडथळा, असे नवे नाव सुचविले आहे. नाव जड असले तरी त्यात रोग्यावर आरोप नाही, हे आम्हांस आवडले.

नाताळनंतर धर्मभगिनींनी सविस्तर चिठ्ठी लिहून मुलीस नागपुरास पाठविले. येथून दोनशे किलोमीटर; हैदराबाद तीनशे. तेथे आधी फुंकण्याची तपासणी झाली, जिला स्पायरोमेट्री म्हणतात. तीत श्वास बाहेर टाकतानाचीच नव्हे तर आत घेतानाचीही रेघ उमटते. या आजारात आत घेतानाची कमान पुष्कळदा चेपून सपाट होते. वाचकांपैकी कोणास ही तपासणी करावयाची झाल्यास, आत घेतानाची रेघही काढा, असे विनयाने सांगावे. त्यानंतर कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली. घसा स्वच्छ! तंतू व्यवस्थित उघडत-मिटत होते. आई रडकुंडीस आली. आता पुन्हा 'काही नाही' म्हणून परत पाठविणार. पण हे डॉक्टर जाणते होते. झटका नसताना घसा निर्दोष दिसावा यात नवल नाही, असे म्हणून त्यांनी मुलीस चार मजले जिने चढावयास लावले आणि लगेच पुन्हा पाहिले. पडद्यावर ती कवाडे मिटताना आईनेही पाहिली, आणि शंकरपाळ्यासारखी फटही. ती आम्हांस पुढे म्हणाली, "फादर, तवा मले समजलं, पोरगी खोटं बोलत नव्हती." चार वर्षांच्या औषधांनी जे झाले नव्हते ते त्या पडद्याने केले, असे आम्हांस वाटते.

उपचार असा. पहिले म्हणजे तिला समजावून सांगणे की यात गुदमरून मरण येत नाही, आणि दार उघडण्याची किल्ली तिच्याच हातात आहे. दुसरे म्हणजे वाणीउपचारतज्ज्ञांकडून श्वासाचे शिक्षण. खांदे सैल सोडावयाचे, हात पोटावर ठेवावयाचा, जीभ तोंडात खाली मोकळी ठेवावयाची. मोगऱ्याचे फूल हुंगावे तसा नाकाने लहान श्वास आत घ्यावयाचा, आणि चहा निववावा तशी ओठांची चंबू करून लांब, संथ फुंकर बाहेर सोडावयाची. आत थोडे, बाहेर पुष्कळ. हुंगताना स्वरतंतू आपोआप उघडतात, यातच सारे मर्म आहे. कुत्र्यासारखे धापण्यानेही तेच साधते. परंतु झटक्यात ही विद्या आठवावी तर बरे असतानाच ती अंगी मुरली पाहिजे. म्हणून रोज चार-पाच वेळा सराव. आमची मुलगी भाकरी थापताना करी, बसची वाट पाहताना करी. नागपूरच्या दोन खेपा झाल्यावर पुढचे धडे दूरध्वनीच्या पडद्यावर झाले. सहा धड्यांत ती तयार झाली.

तिला आंबट ढेकरा येत. रिकाम्या पोटी चहा आणि जेवताच आडवे होणे, ही आमच्या भागातील सार्वत्रिक सवय. ती सोडावयास लावली आणि काही आठवडे आम्लाची गोळी दिली. स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम न तोडता हळूहळू उतरविल्या. त्या अचानक बंद करणे घातक असते. दमाही आहे काय हे पाहण्यासाठी वेगळी चाचणी झाली, तिला नव्हता. ज्यांस दोन्ही असतात त्यांनी पंप चालूच ठेवावयाचा असतो. मोठ्या इस्पितळांत बिकट झटक्यासाठी हेलियम वायू मिसळलेला ऑक्सिजन देतात आणि क्वचित स्वरतंतूंत बोट्युलिनमचे इंजेक्शनही देतात. आमच्या मुलीस यांपैकी कशाची गरज पडली नाही.

येथे आम्हांस एक भीती वाटते. हा लेख वाचून कोणी उद्या घरातील दमेकऱ्याचा पंप फेकून देईल आणि म्हणेल, फुले हुंग. असे कदापि करू नये. दमा हा खरा आजार आहे, त्याने माणसे मरतात, आणि पंपाची सवय लागते ही समजूत खोटी आहे. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षे राबणाऱ्यांस बिसिनोसिस नावाचा फुप्फुसांचा आजार होतो; सुट्टीनंतर कामावर गेल्या दिवशी त्यांची छाती आवळते. तोही खरा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास क्षयासाठी थुंकी तपासलीच पाहिजे. श्वास आत घेताना आवाज येण्याचीही दुसरी, तातडीची कारणे आहेत: मुलाच्या नळीत गेलेला शेंगदाणा किंवा चिंचोका, तापासह सुजलेला घसा, मधमाशी चावल्यावर किंवा औषधाच्या वावड्याने आलेली सूज. ओठ निळे पडले, शुद्ध हरपू लागली, यंत्राचा आकडा ९४ खाली गेला, तर विलंब न लावता इस्पितळ गाठावे. आणि फवारणीनंतर धाप लागली, तोंडास लाळ सुटली, तर ती विषबाधा समजावी. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना किती शेतकरी व मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही.

आदिलाबादेत २००८ पासून रिम्स हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गळ्यातून आवाज येणाऱ्या रोग्याने तेथे छातीच्या विभागाबरोबर कान-नाक-घसा विभागातही जाण्याचा आग्रह धरावा. वाणीउपचार म्हणजे केवळ तोतऱ्या मुलांसाठी, असा समज आहे. तो बरोबर नाही. सिकंदराबादेस अली यावर जंग संस्थेचे केंद्र आहे, म्हैसुरास १९६५ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे. या विद्येत तयार झालेली माणसे तेथे आहेत. जिल्ह्यांत मात्र ती फार थोडी येतात, आणि ही तक्रार आम्ही संधी मिळेल तेथे करीत असतो.

आम्ही आमच्याकडून जे करता आले ते केले. धुपाटणे आता गायकवृंदाच्या बाजूस जात नाही. काही ज्येष्ठांस हे रुचले नाही. आम्ही त्यांस नागपूरच्या पडद्याची हकिकत सांगितली. जिनिंगमधून आल्यावर आईने अंगावरचे लुगडे बाहेरच झटकून मग घरात यावे, असे ठरले आहे. आणि एके सायंकाळी आम्ही मुलीस पुन्हा त्याच खुर्चीत बसवून, मागे जे बोललो होतो त्याबद्दल तिची क्षमा मागितली. ती संकोचली. म्हणाली, "जाऊ द्या ना, फादर. तुमालेही कोणी सांगितलं नव्हतं."

झटके अजून येतात. गेल्या कापसाच्या हंगामात दोन आले. दोन्ही तिने स्वतःच, अंगणात बसून, मिनिटादोनमिनिटांत परतविले. चेहऱ्याची सूज उतरली आहे. सोयरीक मोडली ती पुन्हा जुळली नाही. ती सध्या शिवणकामाच्या वर्गास जाते आणि गाते. भीती एकच होती. परगावी, रात्री-अपरात्री, अनोळखी दवाखान्यात झटका आला तर पुन्हा दमा समजून तेच इंजेक्शन, किंवा घाईने घशात नळी. म्हणून डॉक्टरांनी तिला एक चिठ्ठी करून दिली, ती धर्मभगिनींनी तेलुगू, मराठी व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लिहून प्लॅस्टिकमध्ये बंद केली. ती आता सदैव तिच्या बटव्यात असते. तीत लिहिले आहे: 'हिला दमा नाही. हिचे स्वरतंतू श्वास घेताना मिटतात. प्रथम ऑक्सिजन मोजा. तो चांगला असल्यास हिला शांत बसू द्या, हिच्याशी हळू बोला, आणि नाकाने हुंगून तोंडाने फुंकर घालावयास सांगा. ती हे जाणते.'